व्हेअर इज माय ट्रेन: कंपनी विकली गेली, ॲप टिकलं

गणपतीला गावी निघालेल्या ठाणेकराच्या फोनमध्ये ‘व्हेअर इज माय ट्रेन’ बहुतेक वेळा असतंच. माझं माहेर आणि सासर दोन्ही चिपळूणकडचं. जाताना ठाण्याहून मांडवी, येताना कोकणकन्या, आणि दोन्ही वेळा हे ॲप.

त्याचं खरं मोल रोह्यानंतर कळतं. तिथून कोकण रेल्वे सुरू होते, डोंगर आणि बोगदे लागतात, इंटरनेट येतं-जातं. तरी गाडी कुठवर आली ते ॲप दाखवत राहतं. फोन ज्या मोबाइल टॉवरला जोडला जातो त्याची ओळख घ्यायची आणि ती रेल्वेमार्गावरच्या जागेशी ताडून पाहायची, ही त्यामागची युक्ती. त्याला इंटरनेट लागत नाही, जीपीएसही नाही. वेळापत्रक फोनमध्येच साठवलेलं असतं. शिवाय स्टेशन जवळ आलं की गजर वाजतो. कोकणकन्या ठाण्याला पहाटे अंधारात पोचते. झोपलेली मुलं आणि आंब्याच्या पेट्या घेऊन उतरायचं तर तो गजर हवाच.

आज हे ॲप गूगलचं आहे, पण ही युक्ती गूगलची नव्हे. बंगळूरच्या सिग्मॉइड लॅब्स या छोट्या कंपनीनं ती काढली. डिसेंबर २०१८ मध्ये गूगलनं ती कंपनीच विकत घेतली, तेव्हा मला धास्ती वाटली होती. ओलानं २०१५ साली टॅक्सीफॉरशुअर ही प्रतिस्पर्धी टॅक्सी कंपनी सुमारे २० कोटी डॉलरना घेतली आणि पुढच्याच वर्षी बंद करून टाकली, हे ताजं होतं. अशा खरेदीत स्पर्धक संपतो, प्रवाशाच्या हाती काहीच पडत नाही.

इथे तसं झालं नाही. नाव तेच, टॉवरची युक्तीही तीच. म्हणून मोठ्या कंपन्यांनी विकत घेऊन वाढण्याला माझा सरसकट विरोध नाही. घेतल्यावर त्या काय करतात, ते मी बघते. गूगल मॅप्सचं मूळही सिडनीच्या व्हेअर टू टेक्नॉलॉजीज या चौघांच्या कंपनीत आहे. त्यांचा नकाशा संगणकात प्रोग्राम टाकून चालायचा. २००४ मध्ये गूगलनं त्यांना घेतलं, आणि फेब्रुवारी २००५ मध्ये तोच नकाशा ब्राउझरमध्ये लोकांसमोर आला. पुढे २०१७ मध्ये भारतासाठी दुचाकीचे मार्ग आले, जे घोडबंदर रोडवर माझा नवरा रोज वापरतो. खरेदीनंतर अशी मेहनत व्हायला हवी.

रेल्वेच्या ॲपमध्ये टॉवरच्या तोडीची दुसरी कल्पना मला अजून दिसलेली नाही. गूगलकडे माणसं आहेत, पैसा आहे, तेव्हा ती मागण्याचा प्रवाशांना हक्क आहे. म्हणून या ॲपला माझे पाचपैकी चार तारे.

नव्यानं वापरणाऱ्यांनी एक करावं: गाडीत बसलात की ‘मी गाडीत आहे’ असं ॲपला सांगा. स्टेशनवर वाट पाहणाऱ्याला मात्र इंटरनेट चालू ठेवावं लागतं, हे गावाकडच्या मंडळींना आधीच सांगून ठेवा.