रँडी मेला, हाइव्ह्ज मात्र जागचे हलले नाहीत

हाइव्ह्ज या रॉक बँडचा अल्बम: बारा गाणी, जेमतेम एकतीस-बत्तीस मिनिटं. अकरा वर्षं ताटकळत ठेवून एखाद्या बँडने एवढंच हातावर टेकवलं तर खरं म्हणजे चिडायला हवं. मी चिडलो नाही. धास्ती वेगळीच होती. वाटत होतं, मंडळी आता प्रगल्भ होऊन येणार. पियानोवर एखादी संथ विरहिणी, बाप झाल्यावर जग कसं वेगळं दिसतं यावर एक गाणं, आणि शेवटी व्हायोलिनांसकट सात मिनिटांचं काहीतरी. मोठ्या खंडानंतर परतणारे बँड हाच घोळ घालतात आणि समीक्षक त्याला 'परिपक्व' म्हणून गुण देतात. इथे तसलं काही नाही. ११ ऑगस्ट २०२३ ला आलेल्या 'द डेथ ऑफ रँडी फिट्झसिमन्स'मध्ये हाइव्ह्ज जिथे होते तिथेच उभे आहेत, फक्त आवाज थोडा वाढवलाय.

ज्यांनी हे नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्वीडनमध्ये फागेर्स्ता नावाचं पोलाद कारखान्यांचं छोटं गाव आहे, हा पाच जणांचा बँड तिथला. बँड १९९३चा. पोशाख कायम काळा-पांढरा आणि कडक इस्त्रीचा. गायक पेले आल्मक्विस्त आणि गिटारवाला निकोलाउस आर्सन हे सख्खे भाऊ. २००० साली 'व्हेनी व्हिडी व्हिशस' आला, त्यातलं 'हेट टू से आय टोल्ड यू सो' पुढे वर्षा-दोन वर्षांत जगभर वाजलं, आणि स्ट्रोक्स, व्हाइट स्ट्राइप्स वगैरेंच्या बरोबरीने यांचंही नाव 'गराज रॉक परत आला' (गॅरेजात जमणाऱ्या पोरांचा ओबडधोबड रॉक) या मथळ्याखाली छापून येऊ लागलं. यांची मुळं त्याहून बरीच मागे, साठच्या दशकातल्या अमेरिकन पोरांच्या बँडमध्ये आहेत. त्यातला सॉनिक्स हा बँड ऐका, म्हणजे पेलेच्या किंकाळीचे पूर्वज भेटतील. तीन कॉर्ड, फाटका अँप्लिफायर आणि घसा.

आता हा रँडी कोण? बँडच्या सांगण्यानुसार त्यानेच पत्रं पाठवून या पोरांना एकत्र आणलं आणि गाणी सगळी तोच लिहितो. त्याला कुणी पाहिलेलं नाही. हे नाव म्हणजे निकोलाउस आर्सनचंच नोंदवलेलं टोपणनाव असल्याचं ब्रिटिश संगीतपत्रकारांनी कधीच शोधून काढलं होतं, तरी बँड आजतागायत कानावर हात ठेवून आहे. या अल्बमची अधिकृत कथा अशी: रँडी वारला, गावच्या वर्तमानपत्रात त्याची निधनवार्ता आली, पोरांनी जाऊन कबर खणली, तर आत मृतदेह नाही. मिळालं काय, तर गाण्यांच्या टेप, नवे सूट आणि अल्बमचं नाव लिहिलेला एक कागद. अकरा वर्षं उशीर का, या प्रश्नाला एवढं निर्लज्ज उत्तर मी दुसरं ऐकलेलं नाही. बाकीचे बँड अशा वेळी 'आम्हाला स्वतःला शोधायचं होतं' असं काहीतरी पुटपुटतात. त्यापेक्षा कबर खणलेली बरी.

प्रत्यक्षात ते गप्प बसले नव्हतेच. मंचावर सतत होते, २०१९ मध्ये 'आय अॅम अलाइव्ह' हे सुटं गाणंही आलं. आणखी एक, २०१२ च्या 'लेक्स हाइव्ह्ज'नंतर बेसवाला डॉक्टर मॅट डिस्ट्रक्शन बँड सोडून गेला. त्याच्या जागी आलेल्या 'द योहान अँड ओन्ली'चा हा पहिला पूर्ण अल्बम. (नावं अशीच असतात त्यांची. सवय होते.)

मी कॉलेजच्या बँडमध्ये ऱ्हिदम गिटार वाजवायचो. म्हणजे सोलोच्या वेळी ज्याच्यावरचा दिवा घालवतात तो माणूस. त्यामुळे गाणं ऐकताना माझा कान आधी उजव्या हाताकडे जातो. या प्रकारचं संगीत सोपं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा गिटार गळ्यात अडकवून फक्त खालच्या दिशेने, एकही फटका वर न मारता, दोन मिनिटं या वेगाने वाजवून बघावं. मनगट पेटतं. आणि वाजवण्यापेक्षाही अवघड आहे थांबणं. कॉर्ड मारायची आणि पुढच्या क्षणी तळहात तारांवर दाबून ती मारून टाकायची. तेही दोन गिटार, बेस आणि ड्रम या चौघांनी एकाच क्षणी. एकाचीही तार गुंजत राहिली तर मजा गेली. 'हेट टू से'च्या मध्यात सगळे गप्प होतात आणि एकटा बेस चालत राहतो, तिथे अंगावर काटा येतो तो त्या गप्प होण्यामुळे. मंचावर तर हे लोक गाण्याच्या ऐन मध्यात पुतळे होऊन उभे राहतात, कुणीतरी 'स्टॅच्यू' म्हटल्यासारखे, आणि प्रेक्षक वेडे झाले की तिथूनच पुढे वाजवू लागतात. अकरा वर्षांत हे थांबणं ढिलं पडलंय का, एवढंच मला या अल्बममध्ये तपासायचं होतं.

नाही पडलेलं. पहिलंच 'बोगस ऑपेरांडाय' घ्या. रिफ, म्हणजे पुन्हापुन्हा येणारा गिटारचा तुकडा, एसी/डीसी या हार्ड रॉक बँडच्या घराण्यातला, रुंद, पाय आपटत चालणारा. पण कान द्यायचा तो रिफच्या दोन आवर्तनांमधल्या मोकळ्या जागेला. तिथे काहीही नाही. झांजेची शेपूट नाही, गिटारची गुणगुण नाही. मग पेले त्या रिकाम्या जागेत शिरतो. पंचेचाळिशी उलटलेला माणूस आहे, पण गळा अजूनही कुणाच्या तरी पायावर खिळा पडल्यासारखा किंचाळतो. या अल्बममधलं हे सगळ्यात लांब गाण्यांपैकी एक, तरीही चार मिनिटांच्या आत आटोपतं. बाकी काही ऐकायला वेळ नसेल तर एवढं ऐका, आणि मोठ्या स्पीकरवर ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर ती मोकळी जागा ऐकूच येत नाही, नुसता कल्ला येतो.

'ट्रॅपडोअर सोल्यूशन' सुरू झालं म्हणेपर्यंत संपतं, मिनिटभराचा ऐवज. त्याच्या पाठोपाठ 'काउंटडाउन टू शटडाउन' येतं आणि इथे नव्या बेसवाल्याची ओळख पटते. कडव्यात गिटार मागे सरतात, बेस एकटा पुढे येऊन धावतो, आणि ध्रुपदाला सगळे एकदम अंगावर. जुन्या डॉक्टरचा बेस जाड आणि शांत होता, हा जरा चुळबुळ्या आहे. मला आवडला. 'रिगर मॉर्टिस रेडिओ'मध्ये टाळ्या आहेत, डुलणारा ताल आहे आणि कुणाला तरी हाकलून लावण्याचा उर्मट आनंद आहे. उर्मटपणा हे या बँडचं खरं वाद्य. फक्त तो स्वतःवरच हसत केलेला असतो, म्हणून चालतो. पेले प्रेक्षकांना 'आम्हीच जगातले सर्वोत्तम' असं ठणकावून सांगतो तेव्हा हा विनोद आहे हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं, आणि पुढचं गाणं सुरू झालं की क्षणभर ते खरंही वाटतं.

'स्टिक अप' हा पहिला वेगळा डाव. चाल संथ, जुन्या ब्लूजकडे झुकलेली, आणि पेले नाटकातल्या खलनायकासारखा एकेक शब्द चावून गातो. धावपळीत असा एक दम घ्यायला बरा वाटतो. पण त्यानंतर मधल्या पट्ट्यात अल्बम थोडा सैलावतो, हे सांगायलाच हवं. 'स्मोक अँड मिरर्स' गोड आहे, गुणगुणायला सोपं आहे, आणि मला त्याचा गोडवाच जरा खुपतो. कडा घासून गुळगुळीत केल्यासारखं वाटतं. 'क्रॅश इंटू द वीकेंड' पार्टीत लावायला उत्तम, घरी एकट्याने ऐकायला तितकंसं नाही. 'द वे द स्टोरी गोज' मी आता पुढे ढकलतो. त्यात वाईट काही नाही, पण या बँडचं गाणं नुसतं 'वाईट नाही' असून भागत नाही. 'टू काइंड्स ऑफ ट्रबल' मात्र त्याच तुकड्यात असूनही ताठ उभं आहे, कारण पुन्हा तेच: तुटक गिटार, अचूक थांबे.

मग 'द बॉम्ब'. हे गाणं इतकं बावळट आहे की त्याला दाद द्यावी लागते. पेले विचारतो काय करायचंय, बँड ओरडून उत्तर देतो. मग तो विचारतो काय नाही करायचं, आणि बँड तेच उत्तर उलटं करून ओरडतो. एवढंच. शाळेच्या सहलीच्या बसमध्ये शोभेल असा मजकूर आहे आणि तो चार तगडे वादक जीव तोडून वाजवतायत. माझ्या ओळखीतले एक गृहस्थ, जे फक्त अवघड तालाचं संगीत ऐकतात, ते हे ऐकून म्हणाले, 'यात आहे काय?' मी म्हटलं, काहीच नाही, पण बोटं कशाला आपटताय टेबलावर?

शेवटून दुसरं 'व्हॉट डिड आय एव्हर डू टू यू?' हे अल्बममधलं सगळ्यात विचित्र आणि माझ्या मते सगळ्यात धाडसी गाणं. ड्रम मशिनसारखा कोरडा ठोका, खरखरीत आवाज, खोलीच्या कोपऱ्यात एकट्याने बसून कुणीतरी चिडचिड करत असल्यासारखा एकूण पोत. असं आणखी एखादं चाललं असतं. बँडने वेगळं होऊ नये असं मी वर म्हणालो आणि इथे वेगळ्या गाण्याचं कौतुक करतोय, हे दिसतंय मला. फरक असा की इथे त्यांनी काहीतरी काढून टाकलंय. २००७ च्या 'द ब्लॅक अँड व्हाइट अल्बम'मध्ये त्यांनी भर घालून पाहिली होती, बाहेरचे निर्माते आणले, दोन गाण्यांना तर फॅरेल विल्यम्स होता. 'टिक टिक बूम'सारखा हिरा त्यातूनच निघाला, पण एकूण अल्बम मला कायम दोन-तीन वेगळ्या बँडांचा वाटत आला. हाइव्ह्जना वाढवलं की ते पातळ होतात. कमी केलं की धार येते.

म्हणूनच निर्माता म्हणून पॅट्रिक बर्गरचं नाव वाचून मी दचकलो होतो. रॉबिन या स्वीडिश पॉप गायिकेच्या 'डान्सिंग ऑन माय ओन'मागचा हा माणूस, स्वीडिश पॉपमधला दादा. म्हटलं, झालं, आता सिंथेसायझर येणार. पण पॉपवाल्यांना एक गोष्ट पक्की कळते, कुठला आवाज ठेवायचा आणि कुठला काढायचा. त्याने इथे चकाकी आणली नाही, जागा मोकळ्या केल्या. ड्रम पुढे आहेत, गिटार दोन बाजूंना नीट वेगळ्या ऐकू येतात, आणि पेलेचा आवाज मुद्दाम किंचित फाटलेला ठेवलाय. तक्रार एकच. सगळं एकाच पट्टीत मोठं आहे. हेडफोनवर सलग ऐकलं तर शेवटच्या तीन गाण्यांपर्यंत कान थकतात. 'टायरनोसॉरस हाइव्ह्ज'मध्ये, म्हणजे २००४ साली, असाच कोरडेपणा होता पण श्वास घ्यायला वाव जास्त होता. तो अल्बम आजही मी यांच्या कामात सगळ्यात वर ठेवतो, 'व्हेनी व्हिडी व्हिशस'ला आवाज चढवून भांडणारे मित्र आहेत हे ठाऊक असूनही. रँडीचा हा अल्बम त्या दोघांच्या खाली, 'लेक्स हाइव्ह्ज'च्या बराच वर.

'स्टेप आउट ऑफ द वे' दीड मिनिटात सगळं उधळून अल्बम संपवतं. इतका अचानक, की प्लेअर बिघडला की काय असं वाटून माझा हात आवाजाच्या बटणाकडे गेला.

कुणी घ्यावा? ज्यांना शब्दांमध्ये अर्थ शोधायचाय त्यांनी वाटेला जाऊ नये. गिटार शिकणाऱ्यांनी जरूर, विशेषतः सोलोच्या नादी लागलेल्या पोरांनी, कारण सोलो म्हणावा असा इथे जवळपास काही नाही आणि तरी कंटाळा येत नाही. व्यायाम करताना लावायला झकास, गाडी चालवताना लावू नका, अॅक्सिलरेटरवरचा पाय ऐकत नाही. जुन्या चाहत्यांना सांगायला नकोच. त्यांनी तर आता ऑगस्ट २०२५ मध्ये आलेला 'द हाइव्ह्ज फॉरेव्हर फॉरेव्हर द हाइव्ह्ज'ही पालथा घातला असेल. अकरा वर्षं लावणाऱ्यांनी पुढचा अल्बम दोनच वर्षांत काढला, रँडी नक्की मेलाय ना, याची कुणीतरी चौकशी करायला हवी.

नव्याने येणाऱ्यांनी सुरुवात 'बोगस ऑपेरांडाय', 'काउंटडाउन टू शटडाउन' आणि 'द बॉम्ब' या तिघांपासून करावी. तिन्हीपैकी एकातही मान हलली नाही, तर उरलेल्या नऊंच्या मागे लागू नये.