बागेत रानससे येतात. मग पाळीव ससा ठेवायचा कुठे?

इंग्लंडात शेताला लागून घर असेल, तर संध्याकाळी हिरवळीवर रानससे दिसणारच. घरात पाळलेला ससा असेल तर तीन पर्याय उरतात: सगळ्या बागेला कुंपण, सशापुरती जाळीची बंदिस्त जागा, किंवा त्याला घरातच ठेवणं. आपल्याकडच्या माळरानावरचा ससा वेगळ्या जातीचा, तो बिळंही खणत नाही. इथला रानससा आणि दुकानातून आणलेला ससा मात्र एकाच प्रजातीचे. त्यामुळे एकाचे रोग दुसऱ्याला लागतात. नसबंदी न झालेली मादी बागेत मोकळी सुटली, तर महिनाभरात पिल्लंही होऊ शकतात.

लसीला मी पर्यायांत धरतच नाही. ती तिन्हींत हवीच. मिक्सोमॅटोसिस हा सशांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग १९५३ मध्ये केंटमार्गे ब्रिटनमध्ये शिरला. तो पिसवा आणि डास पसरवतात. आरएचडी हा सशांचा दुसरा जीवघेणा, रक्तस्रावी रोग; त्याचा विषाणू त्याहून चिवट. बुटाच्या तळव्याला, सुक्या गवताला चिकटून तो घरात येतो आणि बाहेर महिनोन् महिने टिकतो. त्याचा दुसरा प्रकार २०१० मध्ये फ्रान्समध्ये सापडला, पुढे ब्रिटनमध्येही आला. नोबिव्हॅक मिक्सो-आरएचडी प्लस ही एकच लस मिक्सोमॅटोसिसवर आणि आरएचडीच्या दोन्ही प्रकारांवर चालते. पिल्लू ५ आठवड्यांचं झालं की देता येते, संरक्षण ३ आठवड्यांनी सुरू होतं, आणि दरवर्षी पुन्हा टोचावी लागते. ‘आमचा ससा दाराबाहेर पडत नाही’ हे लस टाळायचं कारण होऊ शकत नाही.

आता कुंपण. रानससे अडवायचे तर जाळीची भोकं ३ सेंमीपेक्षा मोठी नकोत, जमिनीवर किमान ९० सेंमी उंची हवी, खाली ३० सेंमी पुरायची आणि तळाची १५ सेंमी जाळी बाहेरच्या बाजूला वळवायची, म्हणजे खणणाऱ्याच्या पायाखाली ती येते. फाटकाखालची फटही बुजवायला हवी. एवढं केलं की भाजीचे वाफे वाचतात, ससा मात्र निम्माच वाचतो. पिसवा शेजारच्या मांजराच्या कानावर बसूनही येतात, कोल्हा एवढं कुंपण सहज ओलांडतो, आणि काल रानससे जिथे चरले ती हिरवळ आज सुरक्षित होत नाही. केवळ सशासाठी एवढा खर्च मी करणार नाही. भाजीपाला लावत असाल तर गोष्ट वेगळी.

तोच पैसा बंदिस्त जागेत घालावा. ब्रिटनमधली ‘रॅबिट वेल्फेअर असोसिएशन अँड फंड’ ही संस्था दोन सशांसाठी किमान ३ मीटर × २ मीटर आणि १ मीटर उंच जागा सुचवते, तीही चोवीस तास उपलब्ध. खाली हिरवळीऐवजी फरशी घाला: बिळ खणणं थांबतं आणि धुताही येते. जाळी जाड तारेची, वेल्ड केलेली घ्या; कोंबड्यांची पातळ जाळी कोल्हा फाडतो. खरी मेख दुसऱ्या थरात आहे. एकच जाळी असली की रात्री रानससा बाहेरून आणि आपला आतून नाकाला नाक लावून बसतात. बाहेर वीतभर अंतरावर दुसरी जाळी उभारली की तो संपर्क तुटतो. उन्हाळ्यात वरून डासांची जाळी लावायची. खाणं-गवत रानससे चरतात तिथून आणायचं नाही, आणि बागेतले बूट आत न्यायचे नाहीत. पिसवांसाठी कुत्र्याचं औषध तर मुळीच नको: त्यात बऱ्याचदा असणारं फिप्रोनिल हे कीटकनाशक सशाला विषारी असतं.

घरात ठेवणं रोगाच्या दृष्टीने सर्वांत बरं, आणि भाड्याच्या घरात तर बहुधा तेवढंच शक्य असतं. पण चार्जरच्या वायरी कुरतडल्या जातात, गालिचा खणला जातो, आणि एका पिंजऱ्यात बसवून ठेवणं म्हणजे ‘घरात ठेवणं’ नव्हे. एक खोली किंवा तिचा मोठा भाग द्यायची तयारी असेल तरच हा मार्ग घ्या. खिडकीला डासांची जाळी इथेही लागते.

मालकीचं घर आणि थोडी फरसबंद जागा असेल, तर माझं मत दुहेरी जाळीला.

ऑस्ट्रेलियातल्या मंडळींचं गणित मात्र उलटं आहे. तिथे रानससे कमी करण्यासाठी मिक्सोमॅटोसिस १९५० मध्ये मुद्दाम सोडला गेला, आणि पाळीव सशांना त्याची लस द्यायला परवानगी नाही. मेलबर्न-सिडनीकडे त्यामुळे ससा घरातच आणि डासांच्या जाळीआड ठेवलेला बरा. बागेतली दुहेरी जाळी तिथे पुरत नाही. क्वीन्सलँडमध्ये हा विचारच नको, तिथे पाळीव ससा ठेवणं बेकायदेशीर आहे.