ह्या म्हाताऱ्याक रातीचे किती गावतत?

कोकणात घडणारा चित्रपट किंवा मालिका बघायला बसले की माझी नजर एकाच गोष्टीवर असते. ही माणसं पोट कशावर भरतात, हे त्यात कुठे दिसतं का? माझी सगळी नोकरी कुडाळ तालुक्यातल्या एका पतसंस्थेत कॅश काउंटरवर झाली. पावसाच्या तोंडावर बी-बियाणं, खत, पोरांच्या वह्या-पुस्तकांसाठी बायका पाटल्या तारण ठेवायला यायच्या. मे महिन्यात आंब्या-काजूचे पैसे हातात आले की त्याच बायका त्या सोडवून न्यायच्या, आणि चतुर्थीच्या आधी त्यातल्या निम्म्या परत यायच्या. त्यामुळे पडद्यावर कौलारू घर, माड आणि लाल पायवाट दिसली एवढ्यावर माझं मन भरत नाही. त्या घरातला गॅसचा सिलिंडर कोणाच्या पैशाने भरला जातो, हे मला कळावंसं वाटतं.

गेल्या काही महिन्यांत सहा गोष्टी बघितल्या. काही पहिल्यांदा, काही पुन्हा.

'दशावतार' आमच्या वाडीतल्या बायकांबरोबर थिएटरात जाऊन बघितला. 12 सप्टेंबर 2025 ला तो प्रदर्शित झाला, तेव्हा दिलीप प्रभावळकर एक्याऐंशी वर्षांचे होते. दिग्दर्शक सुबोध खानोलकर. बाबुली मेस्त्री नावाचा म्हातारा दशावतारी, म्हणजे आमच्याकडच्या जत्रांतून रात्रभर चालणाऱ्या दशावतार या लोकनाट्यातला नट, त्याची अधू होत चाललेली नजर, आणि बापाने आता तोंडाला रंग लावणं थांबवावं म्हणून मागे लागलेला मुलगा माधव. मध्यंतरापर्यंत मी जागची हलले नाही. दशावतारी माणूस रंगायला बसतो तेव्हा त्याची मान, खांदे, बोलणं सगळं हळूहळू बदलत जातं, आणि राजा उभा राहण्याआधीच तो राजाच्या तोऱ्यात आलेला असतो. प्रभावळकरांनी ते बरोबर पकडलंय. सिद्धार्थ मेनन आणि त्यांच्यातले बाप-लेकाचे प्रसंग खोटे वाटले नाहीत. माया आहे, आणि त्या मायेतच एकमेकांना गप्प बसवणंही आहे. घराघरांत असंच असतं.

पुढे खाण येते आणि चित्रपट सुडाच्या वाटेला लागतो. थिएटरात शिट्ट्या वाजल्या, माझ्या शेजारच्या मुलीने हात जोडले, आणि प्रभावळकर एकामागून एक रूपं घेऊन समोर येतात ते बघताना माझ्याही अंगावर काटा आला. तरी इथे माझी मोठी तक्रार आहे. खाणवाले दुष्ट आणि गाववाले भोळे, अशी सरळ वाटणी चित्रपट करतो. आमच्या जिल्ह्यात खाण ही कल्पनेतली गोष्ट नाही. रेडीचं लोहखनिज आहे, दोडामार्गातलं कळणे आहे. कळण्याला 2021 च्या जुलैमध्ये खाणीचा बांध फुटून चिखलपाणी लोकांच्या शेतात आणि बागांत घुसलं. पण खाण जिथे जाते तिथे डंपरही जातात, आणि डंपर कर्जावर येतात. एक भाऊ मोर्चात असतो, दुसऱ्याच्या डंपरचा हप्ता थकलेला असतो, आणि दोघांची आई एकच. गाव फुटतं ते असं. हे दाखवलं असतं तर बाबुलीचा राग आणखी खोल गेला असता, कारण मग तो फक्त परक्यांवर राहिला नसता. एवढं असूनही चित्रपट चुकवू नका. आणि शक्य असेल तर मोठ्या पडद्यावर बघा. गुरू ठाकूर यांची गाणी आणि मृदंग मोबाइलच्या स्पीकरवर ऐकण्यासारखे नाहीत.

बाहेर पडल्यावर आमच्या वाडीतली एक काकी, जिच्या नवऱ्याचा जन्म दशावतारात गेला, पदराने डोळे पुसत मला म्हणाली, "माका एक सांग गो बाय, ह्या म्हाताऱ्याक रातीचे किती गावतत?"

म्हणजे या म्हाताऱ्याला एका रात्रीचे किती मिळतात? चित्रपट त्या हिशेबात शिरत नाही. पण काकी विचारत होती ते किरकोळ नव्हतं. दशावतारी कलाकाराला नाटकामागे पैसे मिळतात. जत्रांचा हंगाम कार्तिकानंतर सुरू होतो आणि पाऊस पडला की संपतो. मालकाकडून हंगामाच्या आधी उचल घेतलेली असते, ती नाटकांतून फिटत जाते. चार महिने भाताची शेती, नाहीतर दुसऱ्याच्या बागेत मजुरी. रात्रभर अर्जुन होऊन उभा राहिलेला माणूस सकाळी माझ्या खिडकीसमोर उभा राहायचा तेव्हा त्याच्या कानामागे अजून रंग असायचा. पगाराची स्लिप नाही, म्हणून जामीनदार तयार होत नाही. संस्थेच्या नियमात मी त्याला कर्ज देऊ शकत नसे, आणि तो रागवायचाही नाही. पुढच्या जत्रेला या म्हणून सांगून जायचा.

ज्यांना हे बघायचंय त्यांनी 'पिकासो' बघावा. मी ज्या सहा गोष्टींबद्दल लिहितेय त्यांत हा मला सगळ्यात जवळचा. अभिजीत मोहन वारंग यांचा, मार्च 2021 मध्ये थेट प्राइम व्हिडिओवर आलेला, आणि 67 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळालेला. सव्वा तासाच्या आसपासचा आहे. गंधर्व नावाचा शाळकरी मुलगा चित्रकलेच्या शिष्यवृत्तीसाठी निवडला जातो. पुढे जायचं तर पंधराशे रुपये भरायचेत आणि वेळ हातात नाही. बाप दशावतारात आहे, दारूने खंगलेला. पोरगा पैसे मागायला बापाकडे जातो, जिथे नाटक व्हायचंय तिथे. एवढीच गोष्ट.

पंधराशे ही रक्कम ज्याने ठरवली त्याला आमची घरं माहीत आहेत. लाख रुपये लागणार असते तर प्रश्नच नव्हता, कोणी प्रयत्नच केला नसता. शंभर-दोनशे असते तर शेजारून मिळाले असते. पंधराशे म्हणजे बरोबर ती रक्कम, जी मिळेलही असं वाटतं आणि मिळत नाही. अशा रकमेसाठी माणसं काउंटरवर यायची तेव्हा आवाज खाली घेऊन बोलायची. पन्नास हजार मागणारा ताठ असायचा.

प्रसाद ओक यांनी बापाचं काम असं केलंय की त्याची दारू बघताना चीड येते, आणि तोच रंगून उभा राहिला की चीड कुठे ठेवायची ते कळत नाही. चित्रपटाचा बराच भाग प्रत्यक्ष नाटकातच जातो. बाहेरच्या प्रेक्षकाला तो लांबल्यासारखा वाटेल. मला तो तसाच हवा होता. दशावताराला लिहिलेली संहिता नसते, कथा ठाऊक असते आणि शब्द तिथल्या तिथे सुचतात. म्हणून समोरचा नट थकलाय, प्यायलाय, दुःखात आहे, हे सगळं त्याच्या संवादात उतरतं. पायपेटीवाला आणि मृदंगवाला त्याला सांभाळून घेतात. हे सांभाळून घेणं कॅमेऱ्यात आलंय. समय तांबे हा मुलगा फारसा बोलत नाही, नुसता बापाकडे बघतो, आणि ते पुरतं.

शेवट मला थोडा सरळ वाटला. मुलाच्या चित्रकलेला आणखी जागा मिळायला हवी होती. तो इतका चांगला चित्र काढतो यावर आपण ऐकून विश्वास ठेवायचा असं होतं. काकीला घरी बोलावून मी हा टीव्हीवर लावून दिला. ती मध्ये एकदाही बोलली नाही. संपल्यावर म्हणाली, "तेव्हा आमका पाचशे पण खूप होते." आणि मग तासभर नवऱ्याच्या नाटकांबद्दल सांगत बसली, जे तिने याआधी मला कधी सांगितलं नव्हतं.

'रात्रीस खेळ चाले' मी परत बघायला घेतली ती भाच्यामुळे. तो मुंबईला वाढला, त्याला मालिकेतला आकेरीचा वाडा बघायला जायचं होतं. फेब्रुवारी 2016 मध्ये पहिला भाग लागला तेव्हा आमच्याकडे लोक चिडले होते. कोकण म्हणजे भुताखेतांचं असं चित्र जातंय म्हणून. तो राग मला पटत होता. पण आता पहिलं पर्व परत बघताना त्यातली भीती कुठून येते ते माझ्यापुरतं स्पष्ट झालं. बाप मेलाय, मुंबईचे आणि गावचे मुलगे एका छपराखाली आलेत, आणि जमीन कोणाची हा प्रश्न जेवणाच्या पंगतीत बसलाय. आमच्या सातबाऱ्यावर तीस-तीस, चाळीस-चाळीस नावं असतात. आजोबांपासून वारस नोंद झालेली नाही, आत्या गेल्या, त्यांची मुलं बडोद्याला, एक चुलता कुठे आहे कोणालाच माहीत नाही. जो गावात राहून बाग राखतो त्याला त्याच बागेवर कर्ज मिळत नाही, कारण सगळ्यांच्या सह्या लागतात. अशा घरात रात्री दार वाजलं की माणूस खरंच दचकतो. पहिल्या पर्वातल्या गावी राहिलेल्या दत्तामध्ये आणि मुंबईहून आलेल्या माधवमध्ये जो ताण आहे, तो मी समोर बसवून सह्या घेताना कितीदा बघितलाय.

दुसरं पर्व, जे 2019 मध्ये आलं, ते अण्णा नाईक आणि शेवंताचं. माधव अभ्यंकर आणि अपूर्वा नेमळेकर यांना लोकांनी डोक्यावर घेतलं ते योग्यच. पण मला शकुंतला नरे यांची माई जास्त लक्षात राहते. घरात सगळं आहे आणि तिच्या हातात काही नाही. संवाद लिहिणारे प्रल्हाद कुडतरकर पांडूही झालेत, आणि त्यांच्या लिहिण्यात मालवणी माणसाचं तिरकं, तोडून बोलणं नीट आलंय. तिसऱ्या पर्वाबद्दल लिहिण्यासारखं मला काही सापडलं नाही. झी फाइव्हवर पहिल्या पर्वापासून सुरू करा आणि रोज एक-दोनच भाग बघा. रोजच्या मालिकेतलं ताणलेलं पार्श्वसंगीत सलग ऐकवत नाही.

'तुंबाड' 2018 चा, पण सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा थिएटरांत लागला. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट हिंदीत असला तरी माणसं आपली आहेत, आणि नाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या गावाचं. सोन्यासाठी वेडा झालेला विनायक. यात मला भुतापेक्षा पुण्यातला तो राघव, सोन्याची मोहर हातात घेऊन डोळ्यांनी तोलणारा सावकार, जास्त खरा वाटला. विनायक त्या भुताकडून एका खेपेला मूठभर मोहरा आणतो, सगळ्या एकदम आणता येत नाहीत, आणि त्या संपल्या की परत जावं लागतं. सोनेतारणाच्या खिडकीवर बसलेल्या कोणालाही ही चाल ओळखू येईल. आणि पाऊस! दुसऱ्या कुठल्याही चित्रपटात असा ओला, कुजका, सगळं खाऊन टाकणारा पाऊस मी बघितला नाही. मुलांना दाखवू नका.

'मुंज्या'बद्दल थोडक्यात. आदित्य सरपोतदार यांचा, 2024 चा. भाच्याला खूप आवडला. बिट्टू आईच्या ब्यूटी पार्लरमध्ये हाताखाली काम करतो, लाजतो, ते गोड आहे, आणि सुहास जोशी आजी म्हणून येतात तेवढा वेळ पडदा त्यांचा. पण कमाई, कामधंदा सगळं पुण्यात, आणि कोकणात फक्त पिंपळ आणि भूत. एका रात्रीची करमणूक म्हणून ठीक.

'किल्ला' मी शेवटी ठेवला, कारण त्याबद्दल लिहिताना मला सावकाश लिहायचं होतं. अविनाश अरुण यांनीच दिग्दर्शन आणि कॅमेरा दोन्ही सांभाळलंय. 2014 मध्ये बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या परीक्षक मंडळाने त्याला क्रिस्टल बेअर दिला, नंतर सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. वडील गेल्यावर आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात आलेला चिन्मय, आणि गावातली पोरं. पार्थ भालेरावचा बंड्या म्हणजे आमच्या शाळेतला कुठलाही मागच्या बाकावरचा मुलगा. सगळे मुलांबद्दलच बोलतात, आणि बोलावंच. मी मात्र अमृता सुभाष यांनी केलेली आई बघत होते. एकटी बाई, सरकारी नोकरी, नवीन गाव, आणि ऑफिसात कागदांच्या राजकारणात तिला ओढलं जातं. ती घरी येते तेव्हा तिला मुलाशी बोलायचं असतं, पण दिवसभर आवळलेलं तोंड सुटत नाही. मी कितीतरी वर्षं अशी घरी आलेय. महिन्याच्या एक तारखेला पगार मिळतो म्हणून गावाला वाटतं की हिला कसली काळजी. त्या पगारासाठी बाई काय गिळते, हे मी मराठी चित्रपटात इतक्या शांतपणे आणि इतकं नीट याआधी बघितलं नव्हतं. आणि जेमतेम रुळतात तोवर पुन्हा बदली येते.

घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल तर त्याच्या शेजारी बसून बघा. मित्र चिन्मयला किल्ल्यात टाकून निघून जातात आणि पाऊस कोसळायला लागतो, तिथे ते तुमचा हात धरेल.