"पेशंटला न सांगता जेवणातून द्या" म्हणणाऱ्यांपासून सांभाळा

ज्यांच्या घरात कुणी पितं त्यांनी हे वाचाच, कारण हे लोक नेमकी आपल्यासारखी घरं हेरतात. माझा मोठा भाऊ बरीच वर्षं रोज पितो, वहिनी पार थकली होती, आणि अशात तिला फेसबुकवर जाहिरात दिसली. भाजी-आमटीत टाका, वास नाही, चव नाही, महिन्यात दारू बंद, १००% आयुर्वेदिक. फोन केला तर समोरचा 'डॉक्टर' ताई ताई करत इतकं आपुलकीनं बोलला की ती फोनवरच रडली. दादाला शुगर आहे का, लिव्हरचं काय, एक प्रश्न विचारला नाही त्यानं. इथंच ओळखायचं असतं खरं तर.

पहिला कोर्स २,४०० चा, पार्सल आल्यावर पैसे. फरक पडेना. मग केस जुनी आहे, भस्माचा कोर्स लागेल, ६,५०० आधी जीपे करा. मग कुरिअरचा इन्शुरन्स, तो म्हणे परत मिळणार. आणि दरवेळी दोष वहिनीचाच, तुम्ही वेळ चुकवली, आमटी गरम असताना टाकलं. घरातल्या बाईला आधीच वाटत असतं की आपलंच कुठंतरी कमी पडतंय, त्यावरच यांचा धंदा चालतो.

दुसऱ्या कोर्सच्या पुड्या सुरू झाल्यावर एका संध्याकाळी दादा पिऊन आला आणि थोड्याच वेळात चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उलट्यांवर उलट्या, बीपी एकदम खाली. सरकारी दवाखान्यात नेलं, वहिनीनं तिथं पुडी काढून दाखवली. डॉक्टर म्हणाले आत काय आहे ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, पण लक्षणं डायसल्फिरामसारखी आहेत. हे खरं औषध आहे, दारू सोडवायलाच वापरतात. दारूचं शरीरात आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, ते पुढं मोडायचं काम हे औषध थांबवतं आणि ते विष साठत जातं. गोळी बंद केली तरी दोन आठवड्यांपर्यंत दारूशी रिअ‍ॅक्शन येऊ शकते. म्हणून हृदय, लिव्हर तपासून, पेशंटला सगळं समजावून, त्याच्या संमतीनंच देतात. गुपचूप दिलं तर त्याला माहीतच नसतं की आज प्यायलो तर जीव जाऊ शकतो.

पुढचं आणखी वाईट. घाबरून दादानं घरी आल्यावर दारू एकदम बंद केली, आम्ही सगळे खूश, आणि तिसऱ्या रात्री हात थरथरायला लागले, भिंतीवर किडे दिसतात म्हणाला, आईलाच ओळखेना. परत अ‍ॅडमिट. रोज भरपूर पिणाऱ्यानं अचानक थांबवलं तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, मग असा भ्रम होतो, यात माणसं दगावतात, त्यामुळे ते दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं आणि बी-१ व्हिटॅमिन देऊनच काढावे लागतात. "मनावर घेतलं की सुटते" असं सांगणारे नातेवाईक हे सांगत नाहीत.

पैसे गेले ते गेले, पण दादा कितीतरी दिवस वहिनीच्या हातचं जेवला नाही. माझ्या ताटात काय कालवलंस, एवढंच विचारायचा. ज्या माणसाच्या आधारानं बाहेर पडायचं तिच्यावरचाच विश्वास त्या पुडीनं घालवला, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. आता तो स्वतः तयार होऊन उपचार घेतोय, एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) मीटिंगला जातो, वहिनी अल-अनॉनला, ती घरच्यांसाठी असते. गणपतीत एकदा परत प्यायला, तर डॉक्टर ओरडले नाहीत, म्हणाले हा आजार असाच उलटतो, लगेच आलास हे बरं केलंस.

विचारायचं असेल तर १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन फुकट आहे, जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय. आणि कुणी आधीच फसलं असेल तर लगेच १९३० वर सायबर तक्रार करा, उशीर झाला की पैसे अडवता येत नाहीत. पुड्या टाकून देऊ नका, खोक्यासकट ठेवा, डॉक्टरांना दाखवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करताना सोबत न्या.