वजनकाटा, मापाचा कप, नजरेचा अंदाज की पोटाची जाणीव: शस्त्रक्रियेनंतर जेवणाचे प्रमाण कशाने ठरवावे?

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घरी आलेल्या माणसापुढे पहिला व्यावहारिक प्रश्न उभा राहतो तो ताटात किती वाढून घ्यायचे, हा. वर्षानुवर्षे ज्या अंदाजाने वाढून घेतले तो आता उपयोगाचा राहिलेला नसतो, कारण नजर आणि भांडी तीच असली तरी जठर बदललेले असते. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि उरलेल्या नळीसारख्या जठरात साधारण १०० ते १५० मिलिलिटर मावते. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी केलेली पिशवी तर सुरुवातीला जेमतेम ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांएवढी असते. पुढे हळूहळू जास्त खाता येऊ लागते, पण जुन्या अंदाजाकडे परत जाता येत नाही. मग प्रमाण ठरवायचे तरी कशाने? स्वयंपाकघरातला वजनकाटा, मापाचे कप आणि चमचे, ताट व तळहात पाहून केलेला अंदाज आणि पोट भरल्याची जाणीव असे चार मार्ग साधारणपणे सुचवले जातात. सल्ला देणारा प्रत्येक जण यांपैकी एकच मार्ग खरा असल्यासारखे सांगतो आणि ऐकणाऱ्याचा गोंधळ उडतो.

हा गोंधळ होतो, कारण एकाच ताटाबद्दल आपण दोन वेगळे प्रश्न विचारत असतो. हे अन्न माझ्या जठरात मावेल का, हा पहिला प्रश्न. यातून माझ्या शरीराला पुरेसे पोषण, विशेषतः पुरेशी प्रथिने मिळतील का, हा दुसरा. जठराला ग्रॅम कळत नाहीत. त्याला फक्त किती जागा व्यापली गेली एवढेच कळते. याउलट प्रथिनांचा हिशोब ग्रॅममध्येच करावा लागतो आणि शस्त्रक्रियेनंतर दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे बहुतेक आहारतज्ज्ञ सांगतात. थोडक्यात, कप पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो आणि काटा दुसऱ्याचे. हे एकदा लक्षात आले की कोणते साधन चांगले हा वाद उरत नाही, आत्ता आपल्याला कोणता प्रश्न जास्त छळतो आहे एवढेच पाहावे लागते.

कप आणि चमचे

सुरुवातीच्या काही आठवड्यांत, म्हणजे आहार द्रवावरून गाळलेल्या किंवा वाटलेल्या अन्नाकडे आणि तिथून मऊ पदार्थांकडे सरकत असताना, मापाच्या कपाला तोड नाही. या काळात अन्न पातळ आणि एकजीव असते, त्यामुळे कपात जेवढे दिसते तेवढेच पोटात जाते. पाव कप म्हणजे सुमारे ६० मिलिलिटर, अर्धा कप म्हणजे १२० मिलिलिटर, मोठा चमचा १५ आणि छोटा चमचा ५ मिलिलिटरचा, एवढे पाठ असले की बस्स. मात्र माप म्हणून घरातली नेहमीची वाटी किंवा चमचा वापरू नये. दोन वाट्या दिसायला सारख्या असल्या तरी त्यांत मावणाऱ्या अन्नात बराच फरक असू शकतो. शिवाय चमचा सपाट भरला आहे की शिगोशीग, याने माप पार बदलते. चमचा भरून घ्यावा, सुरीच्या पाठीने वरचा भाग पुसून काढावा आणि बाजूला पडलेला ढीग पाहावा: पुष्कळदा आणखी एक चमचा भरेल एवढे त्यात निघते. पूर्ण जेवणच चार चमच्यांचे असते तेव्हा ही चूक किरकोळ राहत नाही.

अन्न घट्ट आणि तुकड्यांचे झाले की कप फसवू लागतो. उकडलेल्या भाजीच्या फोडी अर्ध्या कपात भरल्या तर फोडींच्या मधली बरीचशी जागा हवेने व्यापलेली असते आणि चावल्यावर ती नाहीशी होते. दही मात्र कप गच्च भरते. त्याहून मोठी अडचण पोषणाची आहे. अर्धा कप साधे दही आणि अर्धा कप पाणी निथळून घट्ट केलेले दही जठरात सारखीच जागा घेतात, पण पहिल्यातून चारेक ग्रॅम प्रथिने मिळतात, तर दुसऱ्यातून साधारण दहा ते बारा. कपाच्या रेघेवर हा फरक कुठेच दिसत नाही.

वजनकाटा

इथे काटा उपयोगी पडतो. एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा साधा डिजिटल काटा पुरेसा आहे. रिकामे भांडे ठेवून आकडा शून्य करण्याची सोय मात्र त्यात हवी, कारण ती नसेल तर रोजच्या वजाबाकीला कंटाळून माणूस चार दिवसांत काटा कपाटात टाकतो. सोललेले उकडलेले अंडे काट्यावर ठेवले की साधारण ५० ग्रॅम भरते आणि त्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. ही एक नोंद मनात पक्की बसली की ६० ग्रॅमचे उद्दिष्ट किती दूर आहे आणि प्रत्येक जेवणात प्रथिनांचा पदार्थ आधी का खायला सांगतात, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

काट्याचीही एक खोच आहे. पदार्थ कच्चा असताना तोलला की शिजल्यावर, यावर सगळा हिशोब अवलंबून असतो. मांस शिजताना पाणी सोडते आणि १०० ग्रॅमचे साधारण ७५ ग्रॅम उरते; डाळी आणि कडधान्ये उलट पाणी शोषून दुप्पट-अडीचपट होतात. वजन शिजलेल्या डाळीचे आणि प्रथिनांचा आकडा कच्च्या डाळीचा, अशी सरमिसळ झाली तर कागदावर प्रथिने भरपूर दिसतात आणि शरीराला मात्र निम्म्याहून कमी मिळतात. म्हणून कच्चे किंवा शिजलेले, यांतली एकच पद्धत कायम ठेवावी आणि पोषणमूल्याचा आकडाही त्याच अवस्थेचा घ्यावा. काटा एवढे कष्ट मागतो, तरीही दोन-तीन महिन्यांनंतर नेहमीचे घट्ट अन्न सुरू झाले की मी काट्यालाच पहिली पसंती देईन.

ताट, तळहात आणि नजर

हा मार्ग सर्वांत सोयीचा आणि, सवय नसताना, सर्वांत कच्चा. लहान ताट घेण्याचा सल्ला चांगलाच आहे: सात इंची ताटाचे क्षेत्रफळ दहा इंची ताटाच्या निम्मे भरते, त्यामुळे तेवढेच अन्न त्यात भरल्यासारखे दिसते आणि बसणाऱ्यालाही आपल्यापुढे जेवण आहे असे वाटते. पण ताट अन्नाची उंची मोजत नाही. तळहाताचे मापही ज्याच्या-त्याच्या हाताप्रमाणे बदलते. आणि ते मुळात न बदललेल्या जठराच्या माणसांसाठी सांगितलेले असल्याने पहिल्या वर्षात तसेच्या तसे लागू करू नये. नजरेवर विसंबायचे असेल तर तिला आधी शिकवावे लागते. अंदाजाने वाढून घ्यावे, मग तोलावे, आणि दोन्हींत किती फरक पडला ते आठवडाभर लिहून ठेवावे. फरक सातत्याने कमी राहू लागला की बाहेर किंवा कोणाकडे जेवताना नजरेवर भरवसा ठेवता येतो. ही नजर पुन्हा सैल होते, म्हणून दर महिन्या-दोन महिन्यांनी काही दिवस तिची काट्यावर परीक्षा घेतलेली बरी.

पोट भरल्याची जाणीव

पोट भरले की थांबा, हा सल्ला ऐकायला सर्वांत नैसर्गिक वाटतो. नव्याने शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला मात्र तो एकटा देणे मला धोक्याचे वाटते. सुरुवातीला सूज असते, संवेदना बदललेल्या असतात आणि जाणीव उशिरा पोहोचते. ती येईपर्यंत दोन घास जास्त गेलेले असतात. छातीच्या मधोमध दाब, उचकी, एकाएकी नाक वाहू लागणे किंवा खोल उसासा, अशा खुणा प्रत्येकाला स्वतःच्या स्वतः ओळखायला शिकाव्या लागतात. कमी खाण्याच्या बाजूनेही फसगत होते. भूक जागवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या ज्या भागात तयार होते तोच भाग स्लीव्हमध्ये काढला जातो, त्यामुळे कित्येकांना महिनोन्महिने भूकच लागत नाही. भूक नाही म्हणून जेवण टाळले की प्रथिने कमी पडतात.

जाणीव आणखी एका जागी दगा देते, आणि पुढे वजन पुन्हा वाढू लागले तर हे कारण आधी तपासावे. बिस्किटे, आइस्क्रीम, चॉकलेट असे मऊ किंवा तोंडात विरघळणारे पदार्थ जठरातून झटपट खाली सरकतात, त्यामुळे पोट भरल्याचा इशारा मिळतच नाही. जेवताना पाणी किंवा सूप घेतले तरी अन्न लवकर पुढे ढकलले जाते. म्हणूनच जेवताना आणि जेवणानंतर अर्धा तास काही पिऊ नये असे सांगतात. माप वेळेशीही बांधलेले असते. २० ते ३० मिनिटांत, नीट चावून खाल्लेला अर्धा कप आणि दीड तास थोडे-थोडे खात संपवलेला दीड कप, या दोन्हींत पोटाला कधीच गच्च वाटत नाही, पण दुसऱ्यात खाल्लेले तिप्पट असते. कप, काटा, नजर यांतले कोणतेही साधन वापरले तरी जे वाढले ते एकदाच वाढायचे आणि अर्ध्या तासानंतर उरलेले बाजूला ठेवायचे, ही अट पाळावीच लागते.

ज्यांना एकच साधन विकत घ्यायचे आहे त्यांनी पहिल्या दोन महिन्यांसाठी कप-चमच्यांचा संच घ्यावा. शस्त्रक्रिया होऊन तो काळ उलटला असेल तर थेट काटा घ्यावा. ज्यांना पूर्वी आकड्यांचा ध्यास लागून जेवणाची भीती बसली होती, त्यांनी मात्र रोज तोलण्याचा हट्ट धरू नये. आहारतज्ज्ञांनी एकदा तोलून ठरवून दिलेले दोन-तीन ठरावीक छोटे वाडगे त्यांच्यासाठी अधिक सुरक्षित आहेत, आणि यात कमीपणा काहीच नाही. आपल्या शल्यचिकित्सकांच्या चमूने दिलेला तक्ता इथल्या आकड्यांपेक्षा वेगळा असेल तर तोच पाळावा, कारण शस्त्रक्रियेचा प्रकार आणि बरे होण्याचा वेग त्यांना माहीत असतो.

आणि प्रमाण अगदी बरोबर घेऊनही वारंवार उलटी होत असेल किंवा पाण्याचा घोटही आत राहत नसेल, तर चमचा लहान करत बसू नये. सतत उलट्या झाल्या तर शरीरातले पाणी कमी होते, शिवाय थायामिन या जीवनसत्त्वाची कमतरता होऊन मज्जासंस्थेला गंभीर इजा होऊ शकते. अशा वेळी त्याच दिवशी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना कळवावे.