स्टड वेल्डिंगवाल्यांचा अनुभव: वेल्ड झकास, जागा चुकली

चाकणच्या एका शेडमध्ये मेझनाईनचं (मधल्या मजल्याचं) काम बघतोय, स्टीलचे बीम, वर डेक शीट (खाचाखाचांचा पत्रा) आणि त्यावर काँक्रीट. शिअर स्टड (बीमला वेल्ड करायचे जाड खिळे, जे काँक्रीट आणि बीम एकत्र धरतात) मारायला बाहेरची पार्टी बोलावली होती. नाव लिहीत नाही, शेवटचं बिल अजून द्यायचंय 😄 पाचपैकी साडेतीन स्टार.

आधी चांगलं सांगतो. माणसं तयारीची होती, स्वतःचा जनरेटर घेऊन आली, कारण 19 मिमीचा स्टड मारायला दीड हजार अँपिअरच्या आसपास करंट लागतो, शेडच्या साध्या लाइनवर ते जमतच नाही. बघायला मजा येते राव, स्टडच्या टोकाला अ‍ॅल्युमिनियमचा बारीक मणी, बुडाशी पांढरं सिरॅमिकचं फेरूल (वितळलेला धातू जागेवर धरणारी कडी), ट्रिगर दाबला की सेकंदभर भक्क उजेड आणि स्टड शीट जाळून खाली बीमला चिकटलेला. दोन बीमच्या टॉप फ्लँजला (वरच्या सपाट पट्टीला) आमच्याच पेंटरने प्रायमर फासून ठेवला होता (तिथं फ्लँज कोरा ठेवायचा असतो, दहा वेळा सांगितलं होतं), तो ह्यांनी कटकट न करता ग्राइंडर मारून काढला.

पहिल्या दिवशी मात्र वाट लागली. रात्री पाऊस झाला, फेरूलचा खोका उघडाच राहिलेला, शीटखालीही पाणी शिरलेलं, आणि पठ्ठ्यांनी सकाळी तसंच सुरू केलं. गॅल्व्हनाइज्ड शीटमुळे जस्ताचा त्रास आधीच असतो त्यात ओल, म्हणजे नुसती फटफट, आणि बुडाशी वितळलेल्या धातूची जी कॉलर गोल पूर्ण यायला पाहिजे ती अर्धीच, भोकंभोकं पडलेली. मी हातोडा घेऊन निघालो. चांगला स्टड खणखणीत वाजतो, हे बद्द वाजत होते, दोन तर दुसऱ्या फटक्यात आडवेच झाले. कॉलर जिथं तुटकी तिथं उलट्या बाजूला 15 अंश वाकवून बघायचं असतं, ते पाइप घालून माझ्यासमोर करायला लावलं. जे गेले ते सगळे फुकटात परत मारून दिले, फेरूल सुकवून, शीट पुसून. त्यानंतर एकही फेल नाही, हे मान्य करावंच लागेल.

आता दीड स्टार का कापला ते. ह्या डेकच्या खाचेत मधोमध उभी घडी असते, त्यामुळे स्टड मध्यावर बसत नाही, डावीकडे नाहीतर उजवीकडे मारावा लागतो. आणि तिथंच सगळी गोम आहे! स्टड खाचेत बीमच्या जवळच्या टोकाच्या सपोर्टकडच्या बाजूला पाहिजे, म्हणजे बीमच्या मध्याकडे त्याच्यापुढे जास्त काँक्रीट राहतं. उलटा पडला तर पुढचं पातळ काँक्रीट लवकर फुटतं, अमेरिकन कोड तर स्टडच्या ताकदीचा गुणक 0.75 वरून थेट 0.6 वर आणतो. आमच्या वेल्डरने गन धरायला सोपं पडतं म्हणून सगळ्या बीमवर टोकापासून टोकापर्यंत एकाच बाजूला मारलेत, म्हणजे प्रत्येक बीमचा अर्धा भाग बरोबर आणि अर्धा चूक.

सुपरवायझर म्हणतो, "साहेब, कमी पडत असेल तर आणखी एकेक ठोकून देतो की." अरे बाबा, तसा सरळ हिशोब नसतो तो. युरोकोडने (युरोपच्या कोडने) बघितलं तर सपाट स्लॅबमध्ये एम 30 ग्रेडच्या काँक्रीटला 19 चा एक स्टड साधारण 73 किलोन्यूटन घेतो, म्हणजे सात टनाच्या वर. आमच्यासारखी 1 मिमीपर्यंतची शीट बीमला आडवी असेल तर खाचेत एक स्टड असताना ह्याच्या जास्तीत जास्त 85 टक्के धरायचं, दोन असतील तर प्रत्येकी 70. म्हणजे दुसरा ठोकला की ताकद दुप्पट होत नाही, बिल मात्र दुप्पट.

शेवटी डिझाइनरला विचारून चुकीच्या बाजूच्या खाचांत, जिथं गणित बसत नव्हतं तिथं, जादाचे मारून घेतले. निम्मे पैसे त्यांचे, निम्मे आमचे, कारण ड्रॉइंगवर "प्रत्येक खाचेत 1" एवढंच लिहिलेलं, बाजू कुठंच दाखवली नव्हती आणि ते ड्रॉइंग माझ्याच सहीने गेलेलं.

पुढच्या महिन्यात शेडचे अजून दोन बे (खण) आहेत, ह्यांनाच बोलावणारे. पण आदल्या दिवशी खडू घेऊन मी स्वतः प्रत्येक खाचेत फुली मारणार, आणि फेरूलचा खोका ऑफिसात कपाटात.