आठ महिने, एक ॲशट्रे आणि मी (सिगारेट न ओढणारा)

मी सिगारेट ओढत नाही. तरी आठ महिन्यांपासून बैठकीच्या टेबलावर जाड काचेचा ॲशट्रे, टेबल लायटर, चांदीचा मुलामा दिलेली सिगारेट केस आणि एक झिप्पो कंपनीचा खिशातला लायटर मांडलेला आहे. फोटोत झकास दिसतात म्हणून घेतले. रोजच्या वावरात यातलं काय टिकलं, ते सांगतो.

ॲशट्रेला पैकीच्या पैकी. संध्याकाळी दिवा लागला की काचेच्या जाडीत उजेड साचतो. किल्ल्या, सुटी नाणी, बायकोची कानातली सगळं त्यात जातं, आणि वजन इतकं की धक्का लागला तरी जागचा हलत नाही. भानगड एकच. कडेला सिगारेट टेकवायच्या खाचा आहेत आणि पाहुण्यांना त्या बरोब्बर दिसतात. पहिल्याच महिन्यात दोघांनी न विचारता पेटवली. त्यांना काय बोलणार, आमंत्रण मीच मांडून ठेवलं होतं! आता तो कधी रिकामा ठेवत नाही.

टेबल लायटरने घाम काढला. ठिणगी पाडणारा खडा म्हणजे फेरोसेरियम, लोखंड आणि सिरियमचा मिश्रधातू. वर्षानुवर्षं दमट हवेत पडून तो फुगला होता आणि नळीत घट्ट बसला होता. तीन संध्याकाळी हाताने ड्रिल फिरवून भुकटी काढली तेव्हा कुठे नवा खडा बसला. इतकं करून पेटवला किती वेळा? चार. घेण्याआधी खड्याचा स्क्रू फिरतो का, एवढं तरी बघा.

झिप्पोची गंमत तळावर आहे. १९८६ च्या मध्यापासून तिथे डावीकडे महिन्याचं अक्षर असतं आणि उजवीकडे वर्ष, तेही २००० पर्यंत रोमन अंकांत. मला ‘युद्धकाळातला’ म्हणून विकलेल्या नगावर सी आणि रोमन आठ निघाले. ए म्हणजे जानेवारी आणि रोमन दोन म्हणजे १९८६ असं मोजत गेलं की होतो मार्च १९९२. वस्तू उत्तम, गोष्ट बनावट. आतलं इंधन आपोआप उडून जातं, म्हणून कोरडाच ठेवतो.

सिगारेट केस व्हिजिटिंग कार्डांसाठी घेतली होती. घरी आल्यावर कळलं, ती जुन्या ७० मिलिमीटरच्या सिगारेटींच्या मापाची आहे. कार्ड आडवं-उभं कसंही घातलं तरी झाकण लागेना. मग नोटा रबरबँडने बांधून आत ठेवल्या. दोन महिन्यांत रबराखाली काळा पट्टा उमटला, कारण रबरातलं गंधक चांदीला लागतं. तो काढताना मी इतका घासला की कोपऱ्यावरचा मुलामा गेला आणि खालचं पितळ डोकावू लागलं. चूक सर्वस्वी माझी. आता तिच्यात शिवणाच्या सुया आहेत, आणि झाकण मिटतानाचा तो ‘टक्’ आवाज ऐकायला मी दिवसातून दोनदा उगाच उघडतो.